फिजिक्सचा पेपर: दोन कपॅसिटरच्या गणिताचं उत्तर ५० व्होल्ट की ७०.७?

शेवटचा_बाक:
उत्तरं पडताळायची नाहीत असं ठरवूनच हॉलमधून बाहेर पडले होते. जिन्यातच मैत्रिणीने विचारलं, "कपॅसिटरचं काय आलं गं तुझं?" आणि मग अर्धा तास आम्ही तिथेच वाद घालत उभ्या.

गणित असं होतं. २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा घटक) १०० व्होल्टला चार्ज केला, बॅटरी काढली. मग तसाच दुसरा, पण रिकामा कपॅसिटर त्याला समांतर जोडला. शेवटी व्होल्टेज किती, आणि ऊर्जेत काय फरक पडला, कारणासह लिहा.

मी आधी चार्ज वाटून ५० व्होल्ट काढलं होतं. पण ऊर्जा काढायला गेले तर सुरुवातीला ०.०१ ज्यूल आणि नंतर ०.००५. निम्मी गायब! पोटात गोळाच आला. ऊर्जा नाहीशी होत नाही हे इतकी वर्षं घोकतोय, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. सगळं खोडलं, दोन्ही वेळची ऊर्जा सारखी धरली आणि ७०.७ व्होल्ट लिहून आले. खाली "ऊर्जेत फरक पडत नाही" असंही लिहिलंय. मैत्रीण ५० वर ठाम आहे, पण निम्मी ऊर्जा कुठे गेली ते तिलाही सांगता येत नाही.

बाकी फोटोइलेक्ट्रिकच्या गणितात स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे प्रकाशाने उडालेले इलेक्ट्रॉन थांबवायला लागणारं व्होल्टेज, ०.८ व्होल्ट आलंय (प्रकाश ४०० नॅनोमीटरचा, वर्क फंक्शन म्हणजे इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी ऊर्जा २.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट). प्रकाशाची तीव्रता दुप्पट केली तरी तेवढंच राहतं ना?

तिरपा_उतार:
फोटोइलेक्ट्रिक बरोबर आहे तुझं. तीव्रता वाढली की करंट वाढतो, स्टॉपिंग पोटेन्शियल नाही.

कपॅसिटरचं माझंही ५० आलंय, पण कारण कोरं सोडलं. सगळा वेळ घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याने खाल्ला. १.४ मीटर उंचीवरून वेगाचं उत्तर ५.२४ मीटर प्रति सेकंद आलं म्हणून खूश होतो. बाहेर आल्यावर कळलं की गोळा स्वतःभोवती फिरतोय त्याची ऊर्जा धरलीच नाही. ४.४३ यायला हवं होतं. सोडवलेलं गणित चुकलं की जास्त लागतं.

जुना_फळा:
मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. उत्तर ५० व्होल्टच आहे.

७०.७ का नाही, ते चार्ज मोजून बघ. सुरुवातीला चार्ज होता २ गुणिले १००, म्हणजे २०० मायक्रोकूलंब. आता दोन्ही मिळून ४ मायक्रोफॅरड, त्यावर ७०.७ व्होल्ट म्हणजे जवळजवळ २८३. बॅटरी तर तू काढून ठेवली आहेस, मग वरचे ८३ कुठून आले? चार्जला तिथे यायला वाटच नाही. ऊर्जेला मात्र बाहेर जायला वाट आहे, तार तापते. ऊर्जा टिकतेच, पण ती कपॅसिटरमध्येच टिकली पाहिजे असं कोणी सांगितलं?

ओल्या मातीचा गोळा तेवढ्याच वजनाच्या स्थिर गोळ्यावर आपटून चिकटला तर काय होतं आठव. संवेग टिकतो, वेग निम्मा होतो आणि गतिज ऊर्जा निम्मी उरते. तिथे तू कधी घाबरली नव्हतीस.

खोडलेल्या भागाला मार्क मिळतील का, हे मी सांगू शकत नाही, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. पण तू घाबरलीस ती योग्य जागी घाबरलीस गं. त्या निम्म्या ऊर्जेपाशी न अडखळता पुढे गेलेलीच मुलं मी जास्त पाहिली आहेत.

शेवटचा_बाक:
सर, मातीच्या गोळ्याने एकदम लख्ख झालं. पण एक शंका. तारेचा रोध खूप कमी घेतला तर? मग उष्णता कमी व्हायला नको का?

जुना_फळा:
स्वतः करून बघ. रोध आर धर, सुरुवातीचा करंट १०० भागिले आर. दोन कपॅसिटर एकापाठोपाठ असल्यासारखे धरायचे, म्हणून धारिता (चार्ज साठवायची क्षमता) १ मायक्रोफॅरड. करंटचा वर्ग गुणिले आर, याचं इंटिग्रेशन कर.

शेवटचा_बाक:
केलं! आर कटून गेला. ०.००५ ज्यूल, बरोब्बर तेवढेच. रोध कमी घेतला तर करंट जास्त, पण तो लवकर संपतो. दोनदा केलं, माझा विश्वासच बसेना. आता मैत्रिणीला फोन लावते, तिचं बरोबर होतं हे तिला मीच सांगणार. परवा केमिस्ट्री आहे आणि मी अजून यातच अडकलेय, पण रोध अगदी शून्यच असेल तर? मग तापणार काय?

जुना_फळा:
रोध शून्य धरलास की तारेचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला तिचा होणारा विरोध, विसरून चालत नाही. चार्ज इकडून तिकडे झोके घेत राहतो, एका क्षणी दुसरा कपॅसिटर पूर्ण १०० व्होल्टला आणि पहिला रिकामा. विद्युतचुंबकीय लहरींतून ऊर्जा बाहेर जात जात ते झोके विरतात, आणि शेवटी पुन्हा ५० च. केमिस्ट्री झाल्यावर ये, समीकरण मांडू.