जिम करतो, आता कुस्ती शिकायची आहे. आधी काय तयारी करू?

सातपूरचा सुम्या
वय २६, वजन ८२. एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी आहे. जिमला नेमाने जातो, बेंचला ९० किलो मारतो. परवा ओझरला चुलतभावाने गमतीत धरलं, तर मिनिटभरात माझा दम गेला आणि पकड सुटली. तो पैलवानही नाही, द्राक्षबागेत राबतो! आता तालीम धरायचीच आहे. आधी दोन-तीन महिने शरीर बनवू की थेट जाऊ?

नाना पंचवटीकर
बागेत राबणाऱ्याचे पंजे बघितलेस का कधी? पकड तिथून येते. बेंच काही दिवस राहू दे बाजूला.

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये ३० सेकंद विश्रांती. त्यात समोरचा सतत ढकलतो, ओढतो, मानेवर लोंबकळतो. म्हणून मान, कंबर, मांड्या आणि पंजे आधी.

जोर-बैठका रोज. २०-२० चे चार सेट काढ, अंग सरावलं की वाढव. सपाटे (जोर आणि बैठक एकत्र) नंतर. दोर मिळाला तर चढ, नाहीतर बारला टॉवेल टाकून लटक. वाळूचं पोतं छातीशी कवटाळून चाल, डंबेल्सने ते काम होत नाही. दमासाठी आठवड्यातून दोनदा पांडवलेणीच्या पायऱ्या: झपझप वर, सावकाश खाली. उतरताना पळालास तर गुडघे बोंबलतील. गोदाकाठी तासभर रमतगमत पळणारे पुष्कळ बघतो, फोटो छान येतात त्यांचे.

आणि महिनाभराच्या वर थांबू नकोस. ‘आधी बॉडी, मग कुस्ती’ म्हणणारी पोरं तालमीच्या दारात येतच नाहीत. हौद्यात (तालमीतल्या मातीच्या आखाड्यात) फावड्याने माती खणायला लागलास की खांदे-कंबर आपोआप बोलायला लागतात. २०२० साली महाराष्ट्र केसरी झालेला हर्षवर्धन सदगीर नाशिककडूनच खेळला होता, म्हणजे आपल्याकडे शिकायची सोय नाही असं म्हणू नकोस.

फिजिओ_सिडको
नानांचं बरंचसं पटतं, पण मानेबद्दल सांभाळून. डोक्यावरचा ब्रिज, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंग कमानीसारखं उचलणं, पहिल्या दिवशी अजिबात नको. आधी तळहात कपाळाला लावून मान त्याविरुद्ध दाब, मग बाजूने, मग मागून. ब्रिज नंतर, तोही हातांचा आधार ठेवून आणि वस्तादांसमोर. हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांब.

दुसरं, कुणाच्या नादाने एकदम पाचशे बैठका मारू नकोस. मांड्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर सरळ दवाखाना गाठायचा, किडनीवर येतं ते. रात्रपाळी करून आलास त्या सकाळी फक्त चाल. झोप झाल्याशिवाय पायऱ्या नाहीत.

सातपूरचा सुम्या
धन्यवाद नाना, ताई. खुराकाचं काय? डबा कॅन्टीनचा असतो. थंडाई, बदाम, तूप हे सगळं लागतंच का?

नाना पंचवटीकर
अरे, आधी घाम तर गाळ! दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे, भाकरी पुरे. खुर्चीत बसून तूप प्यालास तर ८२ चा ९० होशील आणि वरच्या वजनगटात मार खाशील. नखं काप, लंगोट रोज धू, व्यायाम झाल्यावर लगेच अंघोळ. नायटा एकाला झाला की अख्ख्या तालमीला होतो, आणि मग वस्ताद बाहेर बसवतात.

फिजिओ_सिडको
आणि जायच्या आधी डाव्या-उजव्या दोन्ही अंगांवर गादीवर पडायचा सराव कर. हनुवटी छातीला लावायची, हात टेकवायचा नाही. नवख्यांची मनगटं तिथेच जातात.