जीवनसत्त्व अ दिल्यावर कूर्चापेशी मरत नाहीत, मग त्यांचे नेमके काय होते?

मृण्मयी:

नमस्कार. मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी सोळा दिवस उबवलेल्या अंड्यांतील भ्रूणांच्या छातीच्या हाडाची कूर्चा काढून, कोलॅजिनेज या कोलॅजन तोडणाऱ्या विकराने तिच्यातील पेशी सुट्या केल्या आणि प्लास्टिकच्या बश्यांत वाढवल्या. निम्म्या बश्यांच्या माध्यमात चार दिवस १ मायक्रोमोलर रेटिनोइक आम्ल (जीवनसत्त्व अ पासून शरीरात बनणारे त्याचे क्रियाशील रूप) घातले. त्याविना वाढलेल्या पेशी फरसबंदीच्या दगडांसारख्या बहुकोनी दिसतात आणि टोल्युडीन ब्लू या रंगद्रव्याने त्यांच्याभोवती चांगली जांभळी झाक येते. आम्ल मिळालेल्या पेशी मात्र लांबुळक्या आणि चपट्या झाल्या असून जांभळा रंग जवळजवळ नाहीसा झाला आहे. फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या ट्रिपॅन ब्लू या रंगाने तपासले तर त्या जिवंत आहेत.

जुन्या टिपणांत असे लिहिलेले सापडले की जीवनसत्त्व अ मुळे लायसोसोम, म्हणजे पेशीतील पाचक विकरांच्या पिशव्या, फुटतात आणि त्यांतील विकरे कूर्चा खाऊन टाकतात. तसे असेल तर पेशी एवढ्या सुखरूप कशा राहिल्या?

दवबिंदू:

तुमची शंका रास्त आहे. ते टिपण खोटे नाही, पण ते एका विशिष्ट काळातले आहे. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी १९५२ साली कोंबडीच्या भ्रूणाच्या पायांतील हाडांचे कोवळे अंकुर जादा जीवनसत्त्व अ असलेल्या माध्यमात वाढवले, तेव्हा काही दिवसांतच कूर्चेचा आधारक (पेशींभोवतीचा पदार्थ) मऊ पडला, रंग धरेनासा झाला आणि अंकुर आक्रसले. तोवर प्राण्यांना हे जीवनसत्त्व जास्त दिल्यास हाडे बिघडतात एवढे माहीत होते. पण परिणाम रक्तातून, यकृतातून की थेट कूर्चेवर, हे ठरवायला शरीराबाहेरचे संवर्धनच हवे होते.

यानंतरचा दुवा आपल्या पपईचा आहे. लुईस थॉमस यांनी १९५६ साली सशांना शिरेतून पपईन टोचले आणि काही तासांत त्यांचे ताठ कान लोंबू लागले; काही दिवसांनी ते पुन्हा उभे राहिले. कच्च्या पपईच्या चिकाने मांस मऊ करणाऱ्या कोणालाही यातील तत्त्व पटेल. जीवनसत्त्व अ नेही कूर्चेचे चित्र असेच दिसते, म्हणून फेल आणि थॉमस यांनी १९६० साली दोहोंची तुलना केली. साम्य वरवरचे होते. पपईन स्वतःच विकर असल्याने पेशी मारून टाकलेली कूर्चाही ते पचवते. जीवनसत्त्व अ ला जिवंत पेशी लागते, म्हणजे पेशीकडूनच ते काहीतरी करवून घेते. ते ‘काहीतरी’ म्हणजे लायसोसोममधील विकरे, असा तर्क डिंगल, ल्युसी आणि फेल यांनी १९६१ च्या सुमारास मांडला. वेगळ्या काढलेल्या लायसोसोमांवर रेटिनॉल (जीवनसत्त्व अ चेच मूळ रूप) घातले की विकरे खरोखर बाहेर पडत, त्यामुळे तो तर्क काही वर्षे चांगलाच रुजला.

आडवाटेचा प्रवासी:

वरील उत्तराला पुढचा भाग जोडतो. रेटिनॉल हा चरबीत विरघळणारा रेणू आहे आणि तो भरपूर ओतला तर कुठलेही पटल ढिले पडते. लाल रक्तपेशीही फुटतात. तुमची मात्रा त्या मानाने पुष्कळ कमी आहे, आणि तुमच्या बशीतला बदल मिनिटांत नव्हे तर दिवसांत घडला आहे. प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड घातले तर रेटिनोइक आम्लामुळे कूर्चेतून होणारी प्रोटिओग्लायकनची (शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांची) गळती थांबते. नुसते पटल फुटत असते तर असे झाले नसते. पेशीला त्यासाठी नवी प्रथिने घडवावी लागतात. याचा उलगडा १९८७ साली झाला, जेव्हा रेटिनोइक आम्लाचे केंद्रकातील ग्राहक सापडले. आम्ल त्या ग्राहकाला चिकटते, ग्राहक डीएनएवर बसलेला असतो आणि कोणती जनुके चालू राहतील हे त्यावर ठरते. तुमच्या पेशींत कूर्चेचे खास टाइप २ कोलॅजन आणि अ‍ॅग्रिकन हे तिचे मुख्य प्रोटिओग्लायकन यांचे उत्पादन मंदावले असणार. अ‍ॅग्रिकनच्या सल्फेटयुक्त साखळ्यांमुळेच टोल्युडीन ब्लू जांभळा दिसतो, तेव्हा रंग जाणे ओघानेच आले. अखंड कूर्चेच्या तुकड्यात मात्र निर्मिती घटण्याबरोबर विघटनही वाढते, आणि ते प्रामुख्याने अ‍ॅग्रिकनेज, म्हणजे अ‍ॅग्रिकन तोडणारी विकरे, करतात, ज्यांपैकी पहिली दोन १९९९ साली ओळखली गेली.

आता एक टोचणी. प्लास्टिकवर चिकटून वाढणाऱ्या कूर्चापेशी कोणतेही जीवनसत्त्व न देताही चार-सहा पिढ्यांत आपला स्वभाव सोडतात, चपट्या होतात आणि कूर्चेऐवजी त्वचा-हाडांत आढळणारे टाइप १ कोलॅजन करू लागतात. वरून पाहता हे तुमच्या चित्रासारखेच आहे, पण बेन्या आणि पॅडिला यांनी १९८६ साली सशाच्या पेशींत दाखवले की रेटिनोइक आम्लाने टाइप २ थांबते, तरी टाइप १ सुरू होत नाही. म्हणून केवळ आकारावरून निष्कर्ष काढू नका. त्याच पेशी अ‍ॅगरोजच्या जेलीत गोलाकार ठेवून प्रयोग पुन्हा करा. सल्फेटयुक्त शर्करा पेशींच्या थरात आणि माध्यमात वेगवेगळी मोजा, नाहीतर ती तयारच झाली नाही की तयार होऊन वाहून गेली, हे कळणार नाही. आणि आम्ल कशात विरघळवले होते? इथेनॉल असेल तर तेवढेच इथेनॉल तुलनेच्या बशीतही हवे. बाटलीला चांदीचा कागद गुंडाळा; हा पदार्थ उजेडात खराब होतो.

सोनचाफा:

विषयाला धरूनच विचारतो. गुडघ्यांसाठी कॉड माशाच्या यकृताचे, जीवनसत्त्व अ असलेले तेल घेणाऱ्यांनी यावरून घाबरावे का?

दवबिंदू:

बशीतला आकडा तसाच शरीराला लावता येत नाही. रक्तात रेटिनॉल साधारण १ ते २ मायक्रोमोलर असते, पण ते वाहक प्रथिनाला बांधलेले. रेटिनोइक आम्लाचे प्रमाण काही नॅनोमोलर, म्हणजे मृण्मयी यांच्या बशीपेक्षा शंभरपटीने किंवा त्याहूनही कमी. मात्र दीर्घकाळ अतिरेक झाल्यास वाढत्या हाडांच्या टोकाची कूर्चा अकाली बंद होऊ शकते, वासरांत तर हा आजार ओळखीचा आहे. तेव्हा तेल घ्यायचे ते बाटलीवरची मात्रा वाचून आणि डॉक्टरांना विचारून, विशेषतः घरात गर्भवती असेल तर. गाजरातील बीटा कॅरोटीनने हा धोका होत नाही.

मृण्मयी:

मनःपूर्वक आभार. वही उघडून पाहिली. आम्ल इथेनॉलमध्येच विरघळवले होते आणि तुलनेच्या बशीत इथेनॉल घातलेच नव्हते. शिवाय पेशी तिसऱ्या पिढीच्या होत्या. सोमवारी नव्या अंड्यांपासून, पहिल्याच पिढीच्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये घेऊन पुन्हा सुरुवात करते. माध्यम फेकून न देता नळ्यांत भरून ठेवीन.