घरटी एक मुलगा? आधी कायदा तरी वाचा

पाऊलवाट (१० मे २०२५, सकाळी ८:१०)

काल ब्लॅकआउटच्या धाग्यावर बाणेरकरांनी लिहून टाकलं : 'पाकिस्तानशी युद्ध लांबलं तर घरटी एक मुलगा सक्तीने सैन्यात घ्यायला हवा. कायदा आहेच, प्रादेशिक सेनेचा आदेशही निघालाय. आता आपला नंबर.' खाली टाळ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर ते सायरनच्या क्लिपांत वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

६ मेचा तो आदेश बाणेरकरांनी वाचलेला नाही. प्रादेशिक सेना नियमावली, १९४८ मधला नियम ३३. त्याने लष्करप्रमुखांना अधिकार मिळतो तो प्रादेशिक सेनेत आधीच नाव असलेल्यांना बोलावण्याचा. ३२ पायदळ बटालियनपैकी १४. त्यातली माणसं स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून, स्वखुशीने भरती झालेली आहेत. आपल्याकडे कोल्हापूरला १०९ वी बटालियन, पुण्याला १०१ वी. धोनीला मानद हुद्दा आहे म्हणून मीम फिरताहेत ती याचीच. तुम्ही कधी अर्ज केला नसेल तर तुमचा नंबर कुठून लागणार?

कालच गृहमंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, १९६८ च्या नागरी संरक्षण नियमांतला नियम ११ वापरा म्हणून. त्याचंही लगेच 'नागरिकांची भरती सुरू' झालं. तो नियम तातडीच्या खरेदीचा आणि खर्चाचा आहे. जनरेटर घ्या, वाळू आणा, पैशासाठी फाइल अडवू नका. बस.

थोडक्यात, सामान्य नागरिकाला उचलून बंदूक हातात देईल असा कायदा आज भारतात लागू नाही. उद्या करता येईल का? येईल. करावा का? माझ्या मते अजिबात नाही. आणि ज्यांना करावासा वाटतो ते सगळे पन्नाशीच्या पुढचे कसे असतात, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

बाणेरकर (९:०२)

वा, माझ्या नावाने धागा! आभारी आहे.

नियम क्रमांक तुमचे तुम्हाला लखलाभ. मुद्दा वृत्तीचा आहे. इस्रायल बघा. मुलगे ३२ महिने, मुलीसुद्धा २ वर्षं. म्हणून तो देश टिकला. आपली १४० कोटी जनता आणि शिस्त शून्य. सिग्नल पाळत नाहीत. २ वर्षं बराकीत काढली की सगळे सरळ होतील. आणि हे काही माझं एकट्याचं खूळ नाही. संसदेच्या संरक्षण स्थायी समितीने २०१८ साली म्हटलं होतं की ज्यांना सरकारी राजपत्रित नोकरी हवी त्यांना आधी ५ वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा. ते खासदारही पन्नाशीचे म्हणून मोडीत काढणार का?

सुभेदार_निवृत्त (९:४०)

बाणेरकर साहेब, सिग्नल पाळायला शिकवणं हे फौजेचं काम नाही. त्याला ट्रॅफिक हवालदार आहे.

आमच्याकडं साताऱ्यात पहाटे हायवेला या. भरतीची पोरं पळताना दिसतील, रस्त्याच्या कडेनं, थंडीत बनियनवर. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे, मग बीम, मग नऊ फुटी खड्डा. बाप दूध घालून अकॅडमीची फी भरतो. कोविडची दोन वर्षं भरती बंद होती, त्यात कित्येकांचं वय निघून गेलं. माझ्या पुतण्याचं गेलं. आता तो पुण्यात गाडीवरून जेवणाची पार्सलं पोचवतो, कदाचित तुमच्याच टॉवरला. ज्याला जायचंय त्याला जागा नाही, आणि ज्याला जायचं नाही त्याला तुम्ही धरून आणणार!

एका जवानाला उभा करायला सहा-सात महिने लागतात. तेही त्याचं मन त्यात असेल तर. धरून आणलेला माणूस शेजारच्या खंदकात नको, असं कोणताही जेसीओ, म्हणजे माझ्यासारखा सुभेदार, सांगेल. आणि माझ्यासारख्यांना सरकार हवं तेव्हा बोलवू शकत होतं. शिपायाला १७ वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेत, वर २ वर्षं रिझर्व्ह, म्हणजे राखीव. सही करतानाच ते लिहून दिलेलं असतं.

कायदेभाऊ (१०:१५)

पाऊलवाट, निष्कर्ष बरोबर, पण 'करता येईल' हे तुम्ही दोन शब्दांत उडवलंत. खरी गंमत तिथे आहे.

राज्यघटनेच्या कलम २३ ने वेठबिगारी बंद केली. त्याच कलमाच्या दुसऱ्या खंडात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची राज्याला मुभा आहे. अट एवढीच की केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव नको. यादी पुन्हा वाचा. त्यात लिंग नाही. म्हणजे फक्त पुरुषांना बोलावणारा कायदा निदान या कलमाला तरी आडवा जात नाही. संघसूचीतली, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतली, पहिलीच नोंद संरक्षणाची आहे, युद्धकाळात युद्ध चालवायला उपयोगी पडेल ते सगळं तीत येतं. म्हणजे संसद कायदा करू शकते. ५१-क मधलं 'देशाचे रक्षण' हे कर्तव्य १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलं, पण नुसत्या त्याच्या जोरावर कोणालाही उचलता येत नाही.

आणि बाणेरकरांनी न वाचलेला आणखी एक कायदा सांगतो : राष्ट्रीय सेवा कायदा, १९७२. तरुण डॉक्टर, इंजिनिअर अशा पदवीधरांची नोंद करायची आणि गरज पडली तर ४ वर्षांपर्यंत राष्ट्रीय सेवेला लावायचं. त्यामुळे 'घरटी एक' नाही, पण 'पदवीप्रमाणे एक' हा विचार आपल्याकडे होऊन गेलेला आहे.

डॉ_कडूनिंब (१०:३१)

म्हणजे पुन्हा डॉक्टरच!

अहो, आमची सक्तीची भरती चालूच आहे. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड, नाहीतर १० लाख भरा. पीजीनंतर पुन्हा, तिथे दंड ५० लाख. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बॉण्ड वैध ठरवले. मी केला माझा बॉण्ड, एका प्राथमिक केंद्रात. क्वार्टरचं छत गळत होतं, सर्पदंशाची लस संपलेली, आणि रात्री दोनला आलेल्या नातेवाइकांनी माझी कॉलर धरली. पगार चार महिन्यांनी. तेव्हा ही देशभक्त मंडळी कुठे होती?

खडूफळा (१०:५८)

डॉक्टर, रडू नका. एक वर्ष, तेही शिक्षण सरकारच्या पैशाने झाल्यावर.

मी झेडपीचा मास्तर. आमचा बॉण्ड निवृत्तीपर्यंत. लोकसभा, विधानसभा, मतदारयाद्या, जनगणना, मध्येच सर्वेक्षण. २०२४ च्या जानेवारीत मराठा सर्वेक्षण, घरोघरी मोबाइलवर दीडशेच्या वर प्रश्न, ॲप बंद पडतंय, लोक दारातून शिव्या देताहेत. नोव्हेंबरात विधानसभा. आता न्यायालयाने स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितल्यात, म्हणजे झेडपी आली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट दिली आहे, त्या दारातून सगळं आत येतं. नकार दिला तर नोटीस, वर गुन्ह्याची धमकी. मूल वाचायला शिकलं नाही की तेही आमच्याच डोक्यावर.

डॉ_कडूनिंब (११:०६)

निवडणुकीच्या दोन दिवसांची तुलना सर्पदंशाशी? मतपेटीसमोर कोणी मरत नाही हो.

खडूफळा (११:१३)

दोन दिवस! प्रशिक्षण कोण धरणार? साहित्य वाटप? रात्री दोनपर्यंत यंत्रं जमा करायला रांगेत उभे राहणारे? आमच्या तालुक्यातले एक सर उन्हात ड्यूटीवर असताना गेले. 'कोणी मरत नाही' हे त्यांच्या घरी जाऊन सांगा.

आणि खरा फरक ऐका. तुम्हाला १० लाख भरून सुटता येतं. मला तो पर्याय कोणी दिलेला नाही.

डॉ_कडूनिंब (११:१५)

त्या सरांबद्दल माहीत नव्हतं, वाईट वाटलं. बाकी मुद्दा कायम.

कायदेभाऊ (११:३०)

भांडा, पण खडूफळांचं शेवटचं वाक्य सोडू नका, ते मूळ विषयावरच आहे. अमेरिकेत यादवी युद्धात १८६३ च्या भरती कायद्यात ३०० डॉलर भरून सुटायची सोय होती. मजुराची जवळपास वर्षाची कमाई. त्याच जुलैत न्यूयॉर्क पेटलं. रागाची झळ मात्र तिथल्या निरपराध कृष्णवर्णीयांना बसली. कुठलीही सक्ती आणा, तिला एक मागचं दार असतं आणि त्याची किल्ली ठरावीक लोकांकडेच असते.

जुनेपाणी (११:५२)

मी या मागच्या दाराचा साक्षीदार आहे. चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून कॉलेजात एनसीसी सक्तीचं झालं. आम्ही पुण्यात. रायफली सगळ्यांना पुरेनात, मग अर्ध्या बॅचला काठ्या. बूट एक नंबर मोठे. पहिल्याच महिन्यात मैदानावरची गर्दी निम्मी झाली, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांचे तळपाय अचानक सपाट निघाले! ज्यांच्या काकांचा दवाखाना होता ते सगळे वैद्यकीय दाखल्यावर सुटले. खानावळीत जेवणारे आम्ही परेड करत राहिलो. १९६८ मध्ये सक्ती गेली. नंतर स्वखुशीने आलेली मुलं मात्र उत्तम होती.

तरीही बाणेरकरांचं थोडं खरं आहे. त्या परेडने मला पहाटे उठायची सवय लावली, ती अजून आहे.

बाणेरकर (१२:२०)

चला, एक तरी माणूस भेटला.

बाकीच्यांनी इस्रायलच्या मुद्द्याला हात लावलेला नाही. लावणारही नाहीत.

रानजाई (१२:३५)

मी लावते. आमच्या शेजारी ठाण्याला बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं, आता इस्रायलमध्ये अश्दोदला असतं. आजी अजून माझ्याशी मराठीत बोलते. तिची नातवंडं सैन्यात जाऊन आली, एक आता पुन्हा राखीव म्हणून बोलावला गेलाय. तिला विचारा 'घरटी एक' म्हणजे काय. तिचा सगळा राग एकाच गोष्टीवर : धर्मपाठशाळेत शिकणाऱ्या हरेदी (कर्मठ ज्यू) मुलांना वर्षानुवर्षं सूट. गेल्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सूट बेकायदा ठरवली, तरी भांडण मिटलेलं नाही, सरकार डळमळतंय. एक कोटीच्या आसपास लोकवस्तीच्या देशात ही गत. आपल्याकडे पहिली सूट कोणाला द्यायची यावरच दहा मोर्चे निघतील.

आणि कायदेभाऊ, 'यादीत लिंग नाही' हे इतक्या सहज सांगितलंत. माझी मुलगी एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) परीक्षेला बसतेय. तिला दार उघडायला २०२१ मध्ये न्यायालयात जावं लागलं. जिला जायचंय तिला इतकी वर्षं नको म्हटलं. आता नको म्हणणाऱ्या मुलाला ओढणार?

सिंहपूरकर (१:१०)

सिंगापूरहून. इथे १९६७ पासून सक्ती आहे आणि ती नुसती नागरिकांवर नाही. आईवडिलांबरोबर ज्यांना कायमचा रहिवास मिळाला त्या मुलांनाही २ वर्षं जावं लागतं. माझा मुलगा गेला. दर दिवाळीला इथल्या मराठी घरांत हाच विषय : रहिवास घ्यायचा की मुलापुरता सोडायचा? सोडला तर पुढे त्याला इथे शिक्षण-नोकरीच्या परवानगीला अडचण येते. काही जणांनी मुलाला बारावीआधीच भारतात पाठवलं, हे उघड गुपित आहे.

पण प्रामाणिकपणे सांगतो, मुलगा सुधारला. मंत्र्याचा आणि टॅक्सीवाल्याचा मुलगा एकाच बराकीत. छोट्या, श्रीमंत देशात हे जमतं. दरवर्षी आपल्याकडे किती कोटी मुलं अठरा वर्षांची होतात, त्यांच्या नुसत्या चादरींचा खर्च मांडून बघा.

सुभेदार_निवृत्त (१:४५)

सरळ विचारतो. बाणेरकर साहेब, तुमच्या घरातून कोण?

बाणेरकर (२:०५)

वैयक्तिक होऊ नका. माझा मुलगा टेक्सासला असतो, जन्माने अमेरिकन. तो भारताचा नागरिकच नाही, त्यामुळे प्रश्न गैरलागू.

कायदेभाऊ (२:११)

टेक्सासला? वय १८ ते २५ मध्ये असेल तर त्याची तिथल्या सक्तीच्या भरतीच्या यादीत नोंद हवी. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले, सगळे मुलगे. नोंद न करणं हा तिथे गुन्हा आहे. विचारून घ्या.

सुभेदार_निवृत्त (२:१४)

😀 घरटी एक.

बाणेरकर (४:३०)

विचारलं. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना नोंद झालेली आहे म्हणे, त्यालाही आत्ताच कळलं. त्याच्या आईने मला अन्नपाण्यावाचून ठेवलंय, ते सोडा. तिथे १९७३ पासून कोणाला बोलावलेलं नाही, तेव्हा उगाच नाचू नका. आणि बोलावलं तर जाईल. वाटतं.

माझी मूळ सूचना मी जरा बदलतो : घरटी एक नको, सरकारी नोकरीआधी ५ वर्षं. समितीचीच.

खडूफळा (४:४१)

अहो, म्हणजे मास्तर व्हायला आधी ५ वर्षं सीमेवर, मग ३० वर्षं निवडणूक ड्यूटी! शिकवायचं कधी?

सुभेदार_निवृत्त (५:०५)

त्यापेक्षा उलटं करा. अग्निवीर ४ वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर परत येणार, बाविशी-पंचविशीचे, शिकलेसवरलेले, शस्त्र हाताळलेले. त्यांना त्या नोकऱ्या द्या. सक्ती नको, कायदा नको. यावर कोणाच्या टाळ्या येत नाहीत, बघा.

रानजाई (६:१२)

शस्त्रसंधी झाली. दोन्ही बाजूंनी जाहीर. टीव्ही लावा.

बाणेरकर (६:२०)

बघितलं. इतक्यात कशाला थांबले?

पाऊलवाट (६:२६)

घ्या. सुभेदार काका, तुमच्या अग्निवीरांच्या मुद्द्याला माझी टाळी. एनसीसी आणि सिंगापूर वाचून माझं मत तसूभरही हललेलं नाही. बाणेरकर पाऊल मागे घेतात हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. निवडणूक ड्यूटी आणि बॉण्डसाठी कृपया वेगळा धागा काढा.

डॉ_कडूनिंब (६:३३)

काढलाय. खडूफळा, तिकडे या. पगार चार महिने थांबला होता का तुमचा कधी, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

खडूफळा (६:३५)

आलोच. तुम्ही आधी ते १० लाख का भरले नाहीत ते सांगा.