वीस फटक्यांचा कॉम्बो, तरी डॅमेज कमी का?

प्रश्न (परभणी):
वसतिगृहातील लॅपटॉपवर आम्ही ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो. मी प्रतिस्पर्ध्याला हवेत उचलून सलग वीस-बावीस फटक्यांचा कॉम्बो मारतो, तरी माझा मित्र सात-आठ फटक्यांनंतर तीन बारचा सुपर (साठवलेल्या ऊर्जेचे बार खर्चून मारायचा खास हल्ला) लावून माझ्यापेक्षा जास्त डॅमेज (नुकसान) करतो. मी मात्र तोच सुपर सुरुवातीलाच मारला, तर तो हमखास ब्लॉक होतो. माझे नेमके काय चुकते?

उत्तर १ (लातूर):
अशा खेळांत कॉम्बो जितका लांबतो, तितका पुढच्या प्रत्येक फटक्याचा जोर कमी केला जातो. यालाच डॅमेज स्केलिंग म्हणतात. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या बोअरसारखेच हे आहे, मोटार सुरू केल्यावर धार जोमात येते आणि थोड्या वेळाने करंगळीएवढी उरते. सुपरला मात्र किमान डॅमेजची हमी असते, म्हणून तो कॉम्बोच्या शेवटी लावला तरी वाया जात नाही. उलट तो कॉम्बोशिवाय मोकळा मारला, तर समोरच्याला ब्लॉक करायला पुरेसा वेळ मिळतो आणि सात बारच्या साठ्यातले तीन बार फुकट जातात. त्यामुळे पहिले दोन-तीन हलके फटके खरोखर लागले आहेत की ब्लॉक झाले आहेत, हे पाहूनच पुढे जायचे, ही सवय आधी लावून घ्यावी; बोटांच्या वेगापेक्षा तीच अवघड आहे.

उत्तर २ (नांदेड):
लातूरच्या दादांचे म्हणणे पटते, पण लांब कॉम्बो निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये, कारण फटके लागत असताना की-मीटर (सुपरचे बार साठवणारी पट्टी) भरत जातो आणि सुपरचा खर्च त्यातूनच काही अंशी निघतो. थोडे विषयांतर करतो: १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये फटके एकमेकांना जोडता येतात, हे निर्माते नोरिताका फुनामिझू यांना चाचणीच्या वेळी दिसले आणि दोष असूनही त्यांनी ते तसेच राहू दिले. १९९८ च्या पहिल्या ‘गिल्टी गियर’मध्ये तर एकच घातक मूव्ह लागली की समोरच्याची शक्ती कितीही शिल्लक असो, सामनाच संपत असे. मला ते अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आता शेवटी सुपर लावू लागलो, पण दहापैकी चार वेळा तो निघतच नाही.

उत्तर ३ (बीड):
तुम्ही कीबोर्डवर खेळत असाल, तर एकदा कीबोर्ड तपासून पाहा. खाली, तिरके, मग पुढे किंवा मागे अशी दिशा देऊन दोन बटणे सोबत दाबताना तीन-चार कळा एकत्र दाबल्या जातात आणि साध्या कीबोर्डवर त्यातली एखादी नोंदलीच जात नाही. खेळ सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात काय हुकले हे डोळ्यांना कळत नाही. सरावाच्या मोडमध्ये इनपुट (दाबलेल्या कळा) दाखवण्याची सोय सुरू करा, न नोंदलेली कळ तिथे लगेच दिसेल.