‘गोळ्या फेका, योग करा’: फौजींना असले सल्ले देणं बंद करा

रामनगरची भाची
आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळीच पोस्ट पडली: ‘अमेरिकेनेही मान्य केलं! युद्धावरून आलेल्या सैनिकांचा पीटीएसडी (भयंकर प्रसंगातून गेल्यावर जडणारा मनाचा आजार) योगाने बरा होतो. गोळ्या फेका.’ खाली नमस्कारांची रांग. तिथे लिहिलं असतं तर काढून टाकलं असतं, म्हणून इथे.

माझे मामा 1987 ला शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. तिथे रस्त्यात सुरुंग पेरलेले असायचे. परत आल्यावर कडेला गिट्टीचा ढीग दिसला की ते स्कूटर रस्त्याच्या मधोमध घ्यायचे, समोरून ट्रक येत असला तरी. आणि सिमेंट रोडच्या कृपेने नागपुरात ढीग कुठे नाही? गोळ्यांनी निदान झोप लागू लागली. मग असाच एक मेसेज वाचून त्यांनी त्या एका दिवसात बंद केल्या. चक्कर, चिडचिड, रात्रभर फेऱ्या. मामीने ते दिवस कसे काढले ते तिलाच ठाऊक.

आता अमेरिकेचं. ज्या अभ्यासाचा एवढा गाजावाजा होतो तो व्हॅन डर कोल्क यांचा, 2014 चा. त्यात 64 बायका होत्या, सैनिकांची तुकडी नव्हे. दहा आठवड्यांनी योगाच्या गटातल्या 52 टक्के जणी आजाराच्या निकषाबाहेर गेल्या, योग न करणाऱ्या दुसऱ्या गटातल्या 21 टक्के. आकडा चांगलाच आहे, नाही कोण म्हणतंय? पण अभ्यासाच्या शीर्षकातच ‘पूरक उपचार’ म्हटलंय. जोडीला. ऐवजी नाही.

योगवाले काका, धंतोली
ताई, शीर्षक वाचलंत, माणसं वाचा. माझा धाकटा भाऊ कारगिलला होता. मानसोपचाराचं नाव काढलं की म्हणायचा, “मले पागलखान्यात टाकता काय?” तोच माणूस पहाटे सतरंजी काखेत मारून वर्गाला जायचा. जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाचे वर्ग फुकट असतात, तिथे कोणी केसपेपर मागत नाही. तुमच्या त्या थेरपीत झालेला प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, कित्येक सैनिक अर्ध्यातून उठून जातात. हे नाही लिहिलंत?

रामनगरची भाची
लिहिते. सोडून जातात, खरं आहे. पण मग 2020 चा अभ्यासही घ्या, त्यात बहुतेक माजी सैनिकच होते. सोळा आठवड्यांनी योगाचा गट पुढे होता, सात महिन्यांनी फरक उरला नाही. ते पोस्टमध्ये का नाही?

योगवाले काका, धंतोली
कारण लोकांनी योग सोडला असणार. गोळी सोडल्यावर तरी कुठे गुण टिकतो?

माजी हवालदार, कामठी
दोघं आकडे फेकून राहिले. मी गेलतो वर्गाले. कोनासन चालू होतं, सर मागून आले न् खांद्यावर हात ठेवला, पाठ सरळ कराले. त्यांचं मनगट माझ्या हातात कवा आलं मलेच समजलं नाही. बिचारे “सोडा सोडा” करून राहिले, सारा हॉल पाहून राहिला. मंग शवासन. “डोळे मिटा, शरीर सैल सोडा.” ज्याले घरी बंद खोलीत झोप येत नाही, तो चाळीस लोकायत, दाराकडे पाठ करून डोळे मिटन काय? गेलो नाही मंग.

धरमपेठची फिजिओ
हवालदारसाहेब, यात तुमची चूक काडीची नाही. अशा वर्गात न विचारता हात लावायचाच नसतो. डोळे उघडे ठेवायची मुभा हवी, जागा भिंतीला टेकून आणि दार दिसेल अशी. ‘करा’ऐवजी ‘जमलं तर करून बघा’. भस्त्रिका-कपालभाती सुरुवातीला नकोच, जोराच्या श्वासाने छाती धडधडते आणि काहींना तेव्हाचंच सगळं आठवतं. हळू श्वास, सोडताना जास्त लांब, एवढ्यावर सुरुवात. 21 जूनच्या मैदानातला योग वेगळा, हा वेगळा.

माजी हवालदार, कामठी
हे पटलं. पण मॅडम, माझ्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर ‘नाना’ लिहून दिलं. आजार नोकरीने झाला नाही न् नोकरीने वाढलाही नाही म्हणे! भरती झालो तवा शेप-वन होतो, म्हंजे एकदम फिट, मंग काय सासुरवाडीतून आणला?

ऑरेंजसिटीवाला
राग मानू नका, पण अपंगत्व पेन्शनसाठी नाटकं करणारेही पाहिलेत. मनाचा आजार, ना एक्सरे ना रिपोर्ट.

माजी हवालदार, कामठी
तू काय पाहिलं बे? फुटाळा तलावावर बसून चिवडा खाल्ला न् फौज पाहिली काय?

रामनगरची भाची
ऑरेंजसिटीवाला, मामा ट्रकसमोर स्कूटर घालायचे ते नाटक होतं का? प्रेक्षक कोण, ट्रकवाला?

वकील, सिव्हिल लाइन्स
भांडण नंतर. हवालदारसाहेब, सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल बघा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच कारणाने बाहेर काढलं असेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम. 2023 मध्ये नियम नवे आले आहेत, त्यामुळे तुम्ही कधी बाहेर पडलात ती तारीख महत्त्वाची. बोर्डाचा कागद आणि नामंजुरीचं पत्र दोन्ही काढून ठेवा. आधी अपील, मग सैनिकांचे दावे ऐकणारं ट्रिब्यूनल.

ऑरेंजसिटीवाला
सगळे तसे असतात असं म्हटलं नव्हतं.

योगवाले काका, धंतोली
मूळ विषय योग होता, आठवण करून देतो. भाचीबाई, पोस्टखाली ‘डॉक्टरांना विचारून’ अशी ओळ टाकली आहे. झालं समाधान?

रामनगरची भाची
खाली टाकलीत. वर ‘गोळ्या फेका’ अजून ठळक अक्षरात तसंच आहे, काका.

योगवाले काका, धंतोली
ते मूळ लेखकाचं आहे. मी फक्त पुढे पाठवलं.

माजी हवालदार, कामठी
ते राहू द्या तुमचं. वकीलसाहेब, तो निकाल मराठीत भेटते काय?