पहिली-दुसरीच्या लेकरांना घरी लिहायचा गृहपाठ हवाच का?

वणीकर:
आमच्याकडे कापूस वेचणी जोरात आहे. दिवेलागणीला बाया वावरातून परततात, चूल पेटते आणि नेमकं तेव्हाच दुसरीतलं लेकरू वही काढतं. 'क' दोन पानं, 1 ते 100 एकदा, बेचा पाढा पाच वेळा. माझं स्पष्ट मत आहे, पहिली-दुसरीचा हा लिखाणाचा गृहपाठ बंद व्हावा. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलंय; तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास.

ते 'क'चं पान एकदा नीट बघा. पहिली ओळ बाईंनी काढून दिलेली. खालची बरी असते. पाच-सहा ओळींनंतर दांडी तिरपी होते, गोल उघडा पडतो. लेकरू बाईंचं अक्षर बघतच नाही, आपल्याच वरच्या ओळीवरून उतरवतं. म्हणजे दोन पानं चुकीचंच अक्षर घोटून होतं. घरी सराव पाहिजेच, पण बोलून, मोजून, वाचून. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

झेडपीचा गुरुजी:
वणीकर भाऊ, धोरण आम्हालाही माहीत आहे. आमची शाळा कशी चालते तेही बघा. पट साठपर्यंत असला की दोन शिक्षक आणि वर्ग चार. पहिली-दुसरी माझ्याकडे एकत्र. पहिलीला अक्षरं शिकवतो तेव्हा दुसरी नुसती बसून असते. शिवाय ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराच्या नोंदी ठेवा. एकेका लेकराचा हात धरून गिरवून घ्यायला वेळ उरतो कुठे? घ आणि ध, म आणि भ, हा फरक डोळ्यांना कळला तरी हातात बसायला लिहावंच लागतं. तिसरीत अशी मुलं येतात की फळ्यावरचं एक वाक्य उतरवेपर्यंत तास संपतो. दोन पानं नकोत, हे मान्य. रोज पाच ओळी मात्र हव्यात.

आर्वीची माय:
गुरुजी, पाच ओळी तुम्ही देसान, पण पाहीन कोण? मी सातवी शिकली. सांजच्याला भाकरी टाकू का घ अन् ध पाहू? आमच्या शेजारच्या पोराची वही त्याची मोठी बहीण लिहून देते. बाईनं टिक मारली का झालं. अन् आमाले जे येते ते कोनी इचारतच नाही. कापसाचा हिशोब माह्या तोंडावर हाये. सकाळचा 24 किलो, दुपारचा 18, किलोले दहा रुपये. माही पोरगी काट्यापाशी उभी राहून आकडा वाचते अन् बेरीज सांगते. आपल्या वेचणीचे पैसे किती झाले ते तिची आजी रोज तिलेच इचारते. हा अभ्यास नाही का?

दारव्हा रोड:
ताई, हा अभ्यासच आहे, पण तो पेपरात कोणी विचारत नाही. गावात रोज सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन येते. त्या पोरांना पहिलीपासून रोज लिहायला असतं. आपली पोरं नुसती काटा वाचत राहिली तर पाचवीत नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा कशी देतील? आईबाबांना जमत नसेल तर गावातल्या बारावी झालेल्या पोरीकडे शिकवणी लावा. सवय लहानपणीच लागते.

वणीकर:
भाऊ, नवोदयचंच घेऊ. 80 प्रश्न, दोन तास, सगळे पर्यायाचे. 40 मानसिक क्षमता, 20 अंकगणित, 20 भाषा. भाषेत उतारा वाचून उत्तर निवडायचं असतं. तिथे सुंदर अक्षराला गुण नाहीत, समजून वाचणारं लेकरू टिकतं. ते घरी बसूनच तयार होतं. एसटीची पाटी वाचायला लावा. युरियाच्या बॅगेवर 45 किलो असतं, डीएपीच्या बॅगेवर 50. दोन्ही वाचायला लावा, फरक विचारा. आणि शिकवणीत सहा वर्षांच्या पोराला आणखी दोन तास बसवणं मला पटत नाही.

झरीची ताई:
तुमचा वाद मराठी बोलणाऱ्या घरांपुरता चाललाय. आमच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, घरी कोलामी बोलतात. घरी बोलून सराव घ्या म्हटलं की आईबापांना वाटतं, मराठीत बोलावं लागेल. मग ते गप्प बसतात. त्यांना आधी सांगावं लागतं, की गोष्ट कोलामीत सांगा, वस्तू कोलामीत मोजा. समज तिथे तयार झाली की शाळेत मराठी शब्द जोडायला लेकराला सोपं जातं.

आणखी एक. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. म्हणून कितीतरी मुलं 52 लिहितात. बालभारतीने 2019 ला दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशीही वाचायची रीत दिली, त्यावर खूप गदारोळ झाला. मी त्या रीतीच्या बाजूची आहे. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, तुकडे करायचे, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या. दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या. लेकरू स्वतः मांडतं, मग 52 लिहीत नाही. अंगणात जेवण होईपर्यंत हे होऊन जातं. वही लागत नाही आणि आईला वाचता येण्याचीही गरज नाही.

झेडपीचा गुरुजी:
ताई, जुड्यांचं मी वर्गातही करतो, घरी झालं तर फारच चांगलं. लिखाणाबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. वणीकर भाऊंनी सांगितलेलं अक्षर बिघडणं खरं आहे. त्यावर उपाय असा, की प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर मी स्वतः काढून देतो, लेकरू त्याच्यापुढे चारच काढतं. पाच ओळींत वीस अक्षरं. मोठ्या बहिणीने लिहिलेलं मला लगेच ओळखू येतं, तेव्हा ते नको.

आर्वीची माय:
वीसच असतीन तं पोरगी लिहीन बापा. पन वेचणीच्या दिवसांत जमलं नाही तं तिले उभी करू नका.

वणीकर:
दुसरीला वीस अक्षरं मी समजू शकतो. पहिलीला तीही नकोत. आमच्या शाळेच्या पुढच्या पालक सभेत मी हेच मांडणार आहे, आणि ती सभा वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर ठेवा, असंही म्हणणार आहे.