सीजीपीए 6.4 म्हणजे 60 टक्के होतात का? परवा शेवटची तारीख, मदत हवी आहे

साखळीकर22
लवकर सांगा कोणीतरी. फॉर्ममध्ये 60 टक्के मागितले आहेत, माझा सीजीपीए 6.4. एक मित्र म्हणतो 9.5 ने गुण, दुसरा म्हणतो सरळ 10 ने. भरू की नको? आणि एवढ्या मार्कांवर पुढे काही होतं का, की सगळं संपलंच? घरी बाबा रोज तेच विचारतात.

फोंड्याची_ताई
अरे बाबा, फॉर्म कसला? सरकारी की खाजगी? पदवी कोणती, कितवं सत्र, कुठला विषय राहिलाय का? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

निवृत्त_बँकवाला
बँकेचा असेल तर बिनधास्त भर. आयबीपीएसच्या पीओ (बँक अधिकारी) परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्क्यांची किमान अट नाही. यूपीएससीचंही तसंच, पदवी हवी, बस. मी कॉमर्सला जेमतेम पास झालो होतो आणि शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. आजपासून रोज दोन तास गणित आणि इंग्रजी कर.

साखळीकर22
बँकेचा नाही हो काका. बीएससी केमिस्ट्री, सहावं सत्र. इथल्या, गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपनीचा आहे. फक्त टक्के किती ते सांगा ना.

जुना_मास्तर
9.5 चा आकडा सीबीएसईने दहावीला ग्रेड दिले त्या काळातला, त्याचा तुझ्या पदवीशी संबंध नाही. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) सूत्राने आधी 0.75 वजा करून मग 10 ने गुणतात, म्हणजे तुझे 56.5. 9.5 ने 60.8 आणि 10 ने 64. एकाच पोराचे तीन आकडे! म्हणून ऐकीव सूत्र वापरू नकोस. तुमच्या विद्यापीठाचा नियम असेल तो लागू. गुणपत्रिकेची मागची बाजू वाच, तिथे नसेल तर परीक्षा विभागात विचार. प्रत्यक्ष गुण छापले असतील तर त्यांची बेरीज करून बघ.

आता चौथं वर्ष. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. 2024 पासून चार वर्षांच्या पदवीवर नेट (पीएचडी आणि प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) पीएचडीसाठी देता येते, तिथेही 75. प्राध्यापक व्हायचं असेल तर मार्क जन्मभर मागे येतात, खुल्या वर्गातल्या मुलाला एमएससीला 55 टक्के नसतील तर नेटमधून प्राध्यापकीची पात्रताच मिळत नाही.

शिफ्ट_बी
मास्तर, त्याला प्राध्यापक व्हायचंय असं तो कुठे म्हणाला? मी कुंडईला क्यूसीत (औषधांच्या गुणवत्ता तपासणीत) नऊ वर्षं आहे. पहिली नोकरी लागली की मार्क कोणी विचारत नाही. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवता येतो का, टायट्रेशन हाताला बसलंय का, द्रावणाची नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी यांतला फरक सांगता येतो का, एवढंच बघतात.

जुना_मास्तर
पहिली लागली की. पण त्या पहिलीच्या दारातच 60 ची पाटी आहे ना? मुलांना "मार्कांना किंमत नाही" असं सांगू नका. तिसऱ्या सत्रात ढिलाई करतात आणि सहाव्यात रडतात, मी तीस वर्षं हेच पाहिलं.

शिफ्ट_बी
किंमत नाही म्हटलेलंच नाही मी. एकदाच लागते म्हटलं. आमच्या लॅबमधला सगळ्यात तयार मुलगा कंत्राटावर आला होता, पदवीला 52 टक्के. दोन वर्षांत कायम झाला.

दर्यावर्दी
क्रूझवर ये. हॉटेल विभागात मार्कशीट कोणी बघत नाही. एसटीसीडब्ल्यूचा (जहाजावरच्या सुरक्षेचा) कोर्स, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि मेडिकल, एवढंच लागतं. माझं घर त्यावरच उभं राहिलं.

मांडवीकाठ
त्यापेक्षा आजोबांचा जन्म 1961 पूर्वीचा, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातला असेल तर पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद बघ. इथे राहून सरकारी जागेची वाट बघायची तर कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठी येत असेल तर अधिक चांगलं, आणि आपण शाळेत मराठीतून शिकलो...

फोंड्याची_ताई
तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला. पोराची तारीख परवा आहे. साखळीकर, बेरीज केलीस का? आणि अट फक्त पदवीची आहे ना? नीट वाच.

साखळीकर22
गुणपत्रिकेवर गुण होते. बेरीज 59.6 आली. 60 लिहू का? 0.4 चाच तर फरक आहे.

आणि ताई, खाली बारीक अक्षरात "दहावी, बारावी, पदवी सर्वत्र 60" असं आहे. बारावी 58. हे मी वाचलंच नव्हतं.

निवृत्त_बँकवाला
60 अजिबात लिहू नकोस. बँकांच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, 59.99 म्हणजे 60 पेक्षा कमी. खाजगीतही कागद तपासतात. सहा महिन्यांनी खोटं निघालं तर नोकरी जाते आणि अनुभवाचा दाखलाही मिळत नाही.

फोंड्याची_ताई
म्हणजे दिवसभर सूत्रावर भांडलो आणि अडलं होतं बारावीवर. उद्या सकाळी त्या एचआरला फोन कर. खरे आकडे सांग आणि दुसरी कुठली जागा आहे का ते विचार. विचारायला लाजू नकोस रे.

साखळीकर22
केला फोन. ती अट ट्रेनी ऑफिसरला आहे. लॅब ट्रेनीला पदवी पास आणि राहिलेला विषय नको, एवढंच. सगळे विषय सुटलेले आहेत माझे. शुक्रवारी वॉक-इनला (थेट मुलाखतीला) या म्हणाल्या. पगार कमी आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

शिफ्ट_बी
जा. सगळ्या सत्रांच्या मूळ गुणपत्रिका, दोन झेरॉक्स संच, फोटो. प्रॅक्टिकलची जर्नल असेल तर तीही ने, मी नेली होती आणि त्यावरच दहा मिनिटं प्रश्न आले. आज रात्री एचपीएलसी वाच: मोबाइल फेज, सी18 कॉलम, रिटेन्शन टाइम. येत नसेल ते "येत नाही" म्हणून सांग. काही अडलं तर इथेच विचार, माझी शिफ्ट अकराला सुटते.